रिपोर्ट नॉर्मल, पण मुंग्या जात नाहीत: निदान शोधताना काय करायचं

तळपायाला मुंग्या, मधूनच तोल जाणं, बोलता बोलता शब्द अडणं. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतले दोन-तीन दवाखाने झालेले, पिशवीत एमआरआयच्या फिल्म्स, आणि सगळीकडे एकच उत्तर: ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.’ इथे बहुतेक जण आणखी एक स्कॅन काढून घेतात. त्याआधी करायची कामं वेगळी आहेत, आणि त्यातली बरीचशी घरी वही घेऊन बसलं की होतात.

पण काही लक्षणांना वही नको, १०८ हवा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अचानक बोबडं होणं: रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. ५ मिनिटांहून लांबलेली फिट, पायांकडून वर चढत जाणारी कमजोरी, गिळायला किंवा श्वासाला त्रास, बसायची जागा बधिर होऊन लघवी अडकणं, क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, यांतही ओपीडीचा वार बघत बसू नका.

एक पान लिहा

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचा डॉक्टर, ऐकताना दोन गोष्टी शोधत असतो: बिघाड मेंदूत, मज्जारज्जूत, नसेत की स्नायूत, आणि तो कशामुळे. जागेचा माग लक्षणांवरून आणि गुडघ्या-कोपरावर छोटी हातोडी मारून केलेल्या तपासणीवरून लागतो, कारणाचा बराचसा वेगावरून. क्षणात आलं तर रक्तवाहिनीचा किंवा फिटचा संशय येतो, काही दिवसांत वाढलं तर सूज किंवा संसर्गाचा, महिनोन् महिने सरकत आलं तर जीवनसत्त्वाची कमतरता, नसेवर किंवा मज्जारज्जूवर दाब, गाठ किंवा झीज. म्हणून पहिली ओळ तारखेची: शेवटचं पूर्ण ठीक कधी होतं, आणि तिथून इथवर यायला किती वेळ लागला.

पुढे लक्षणं, पण ‘अशक्तपणा आहे’ असं लिहू नका. त्यातून काहीच कळत नाही. काय जमत नाही ते लिहा. ‘उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही’ म्हटलं की डॉक्टरचं लक्ष मांड्या-नितंबांच्या स्नायूंकडे जातं. ‘चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही’ म्हणजे पावलाची संवेदना गेली असावी. ‘तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो’ ही ओळ फार मोलाची आहे: पाय कुठे आहेत हे शरीराला न बघता कळत नाही, आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यावर असंच होतं. ‘सकाळी ठीक, संध्याकाळी पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात’ असेल तर मायस्थेनिया (वापरता वापरता स्नायू थकत जाण्याचा आजार) तपासायला हवा. सकाळ-संध्याकाळचे दोन फोटो काढून ठेवा.

खाली औषधांची पूर्ण यादी, डोससकट. मधुमेहाची मेटफॉर्मिन बी-१२ कमी करते. वैदूकडच्या पुड्या आणि भस्मंही लिहा, लाजू नका. काहींत शिसं किंवा स्टेरॉइड सापडतं. आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, म्हणजे वडिलांचं मामेबहिणीशी लग्न वगैरे, तर तेही. विदर्भात आणखी दोन प्रश्न विचारायलाच हवेत. महिनोन् महिने मुख्य जेवण लाखोळी डाळीचं होतं का? त्यातल्या विषारी घटकामुळे पाय कायमचे ताठरतात. आणि फवारणीची विषबाधा झाली होती का? ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या काही कीटकनाशकांनी नसांचा त्रास दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो, तोवर फवारणी कुणाच्या लक्षातही नसते.

झटके येत असतील तर घरच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. चेहरा आणि चारही हातपाय फ्रेममध्ये हवेत. डोळे उघडे की मिटलेले हे दिसलंच पाहिजे, त्यावरून पुष्कळ ठरतं. नावाने हाक मारा, उत्तर येतं का ते रेकॉर्ड होऊ द्या.

तपासण्या कुठे फसतात

बी-१२ तपासायचं रक्त त्याचं इंजेक्शन घेण्याआधी द्या. कुणी आधीच सुई टोचली असेल तर आकडा फुगलेला येतो आणि खरं कारण झाकलं जातं. सोबत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), सोडियम-पोटॅशियम, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हे प्राथमिक.

एमआरआय चुकीच्या जागेचा निघणं हा नेहमीचा घोळ. पाय ताठरलेत म्हणून कमरेचा काढतात. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्यामुळे दोष मानेत किंवा छातीच्या मणक्यात शोधावा लागतो. उलट, कमरेच्या स्कॅनमध्ये ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी फुगणं) कसलाही त्रास नसलेल्यांतही सर्रास दिसतो. तेवढ्यावर ऑपरेशनला हो म्हणू नका. फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, नाहीतर पुढचा डॉक्टर नवा स्कॅन सांगतो.

एनसीव्हीला, म्हणजे नसांचा वेग मोजणाऱ्या तपासणीला, जाताना हातापायाला तेल-क्रीम नको. एसीत हातपाय गार पडले तर नसेचा वेग खोटाच कमी दिसतो, म्हणून आधी ऊब आणा. ही तपासणी जाड नसांची. तळपायाची नुसती आग बारीक नसांमुळे होत असेल तर ती नॉर्मलच येणार. ईईजीचंही (डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूचा आलेख) तसंच: फिट असूनही पहिला नॉर्मल येऊ शकतो, मग रात्री जागवून झोपेतला काढतात. केस धुऊन जा. गोळ्या मनाने बंद करू नका.

नागपुरात कुठे

सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आणि मिहानमधलं एम्स हे सरकारी पर्याय. न्यूरॉलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोन करून विचारा. एम्सची वेळ ओआरएस या सरकारी ऑनलाइन नोंदणी पोर्टलवर घेता येते. कागद जुने खाली, नवे वर असे लावून न्या. पहिल्या भेटीत मिनिटं मोजकीच मिळतात, त्यात गठ्ठा उपसणं परवडत नाही.

निघताना तीन प्रश्न विचारा: तुमच्या मनात काय आहे, काय वगळलं, आणि कोणतं नवं लक्षण दिसलं तर तारखेआधी यायचं.

‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर’ असं ऐकलंत तर चिडून डॉक्टर बदलू नका. म्हणजे मेंदूची रचना ठीक, पण त्याचं काम बिघडलेलं; नाटक नव्हे. पाय दाबताना जोर नाही, पण दुसरा पाय उचलला की त्याच पायात जोर येतो, अशा ठोस खुणांवर ते निदान होतं, आणि त्यावर खास फिजिओथेरपी असते. फक्त ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ एवढ्यावरच कुणी हे लेबल लावलं असेल, तर ती खूण कोणती हे विचारा.

तोवर

शुद्ध हरपत असेल तर गाडी, शिडी, फुटाळा-अंबाझरीच्या काठावर एकट्याने जाणं बंद. बाथरूमला आतून कडी नको. उठल्यावर भोवळ येत असेल तर ५ मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने पडला तर नोंदवा.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला की जुनी लक्षणं उसळतात, विशेषतः मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या (मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याच्या) आजारात. दृष्टी धूसर होणं, पाय जड पडणं कूलरसमोर तासाभरात ओसरलं तर ते उष्णतेचं. २४ तास टिकलं तर डॉक्टरला कळवा. बाहेरची कामं सकाळी ९ च्या आत, गळ्यात ओला दुपट्टा.

निदान नसलं तरी दर ३ ते ६ महिन्यांनी त्याच डॉक्टरकडून पुन्हा तपासून घ्या. हातोडीच्या तपासणीत झालेला बदल आधीची तपासणी केलेल्यालाच कळतो. आणि ते एक पान दर वेळी नव्याने लिहू नका; त्याच्याच खाली तारीख टाकून पुढची ओळ लिहा.