पुढच्या ब्रेकचा आवाज: आधी कान, मग पाना

‘ब्रेक वाजतोय? पॅड बदलून टाक,’ असं सांगणाऱ्याला मी आता माझ्या मोटरसायकलला हात लावू देत नाही. बेळगाव-जांबोटी-चोर्ला रस्त्यावर मी वर्षानुवर्षं गाडी चालवतोय. या रस्त्यानं माझे जितके पॅड खाल्ले नसतील, तितके लोकांच्या सल्ल्यानं खाल्ले. पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे, हे आवाजाच्या अनेक कारणांपैकी एक, एवढंच.

आधी आवाज नीट ऐका. हेल्मेटमध्ये वारा सोडून काही ऐकू येत नाही, म्हणून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला खेटून, १५-२०च्या वेगानं जा. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढचा की मागचा हेही कळतं. मग एकदा ब्रेक धरून, एकदा सोडून.

पावसाळ्यात रात्रभर गाडी बाहेर राहिली आणि सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर झाली, तर ती डिस्कवरच्या गंजाची पातळ साय. आपोआप जाते, विसरून जा. एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हर थरथरते आणि कटकट होते, तोही दोष नाही.

ब्रेक धरल्यावर बारीक, कानात शिरणारी ‘चीं’ येत असेल, तर बहुतेक वेळा पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो किंवा खानापूरकडची लाल माती आत लिंपून बसलेली असते. कॅलिपर (पॅड ज्यात बसतात तो भाग) साबणाच्या पाण्यानं धुवा, पॅड काढून सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलके घासा. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरनं पुसा. डिझेलनं धुवायला देऊ नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. आणि ‘आवाज जाण्यासाठी’ डिस्कवर तेलाचा थेंब सोडणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत. आवाज जातो खरा, ब्रेकही जातो.

धातूवर धातू घासल्यासारखी खरखर असेल, तर पॅड संपलाय. पॅडचं अस्तर (घासणारा थर) १ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल, तर गाडी तिथेच थांबवा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती बघा. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर डिस्क घासून मिळते म्हणून नेऊ नका. मुळात चार-पाच मिलिमीटरची वस्तू, त्यातून काय घासणार?

चाकाच्या लयीत ‘शिक्-शिक्’ येत असेल, तर डिस्क वाकलीय का बघा. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना) तार बांधा, टोक डिस्कला अगदी टेकेल-न टेकेल असं ठेवा आणि चाक हळू फिरवा. फट कमी-जास्त होताना दिसते.

आता खरा त्रास. खड्ड्यातून जाताना हँडलजवळ येणारी ‘खड-खड’, किंवा ब्रेक धरताच एकदाच येणारा ‘टक्’.

या आवाजानं मला एक अख्खा पावसाळा नाचवलं. गॅरेजवाल्यानं पुढचा ब्रेक दाबून धरला, गाडी पुढे-मागे हलवली, ‘टक्’ झालं. म्हणाला कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेरिंग) गेला. बदलला. दोन दिवसांनी तोच आवाज. मग फोर्कचे बुश (नळ्यांच्या आतल्या कड्या). तेही बदलले. आवाज जागेवरच. शेवटी खानापूरच्या एका मेस्त्रीनं गाडी स्वतः एक चक्कर फिरवली, कॅलिपरमध्ये बॅटरी मारली आणि म्हणाला, ‘पत्ती इल्ल नोड्री’ (पत्ती नाही, बघा). आधी पॅड बदलताना कुणीतरी पॅड दाबून धरणारी स्प्रिंगची पत्ती बसवायलाच विसरलं होतं. पॅड आत मोकळे नाचत होते. फोर्कच्या नळीतून तो आवाज थेट हँडलपर्यंत चढतो, म्हणून कान फसतो.

तेव्हापासून मी दोनच परीक्षा करतो. पहिली, खराब रस्त्यावर हळू चालवत असताना दोन बोटांनी पुढची लिव्हर नुसती टेकवा, वेग कमी होणार नाही इतकीच. खडखड लगेच बंद झाली, तर दोष कॅलिपरमध्ये. पत्ती, पॅडची पिन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना. चालूच राहिली, तर वर शोधा.

दुसरी परीक्षा कोनसेटची. ब्रेक धरून गाडी हलवायची पद्धत मला मान्यच नाही, कारण ब्रेक धरला की पॅडही आपल्या खाचेत सरकतात आणि त्याचाही ‘टक्’च येतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला. ब्रेकला हात न लावता फोर्कच्या दोन्ही नळ्या खालून धरून पुढे-मागे ओढा. वर हँडलच्या गळ्यापाशी ढिलाई जाणवली, तरच कोनसेट.

दोष कॅलिपरचा निघाला, तर दोन्ही सरकत्या पिना बाहेर काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा. पिन झिजून ढिली झाली असेल, तर बदला. आणि इथे माझं ऐका: साधं बेरिंगचं ग्रीस लावू नका. मी लावलं होतं, घरात डबा होता म्हणून. रबरी बूट फुगले, पिन जाम झाली, एक पॅड डिस्कला चिकटूनच राहिला. चोर्ला घाट उतरताना जळका वास आला, थांबलो तर डिस्कवर निळा डाग पडला होता. तिथे फक्त सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, तेही पातळ हातानं. पॅडच्या अस्तराला आणि डिस्कला त्याचा स्पर्शही नको.

परत जोडताना पत्तीची दिशा बघून बसवा. उलटी बसली तर दाबतच नाही. म्हणून उघडण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. कॅलिपर बाहेर असताना लिव्हर दाबू नका, पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर येतो. बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं (आवळण्याच्या जोरानं) आवळा.

गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला लिव्हर सरळ हँडलला टेकते आणि तुम्ही तोपर्यंत गल्लीच्या कोपऱ्यावर पोचलेले असता. नवे पॅड असतील, तर रिकाम्या रस्त्यावर ४० वरून १० पर्यंत मध्यम दाबानं वीसेक वेळा वेग कमी करा, मध्ये पूर्ण थांबू नका.

नंतर पाच-सहा किलोमीटर जा, शेवटचा टप्पा पुढच्या ब्रेकला न शिवता, आणि मागच्या ब्रेकनं थांबा. डिस्कवर पाण्याचा थेंब टाका. चर्रकन उडाला, तर पॅड अजून घासतोय, पिना पुन्हा उघडा. बोट लावून बघू नका, माझ्या तर्जनीवर तो डाग अजून आहे.