रेशमाचे कोष न कापता, न दाबता कसे निवडावे

खानापूर-निपाणी पट्ट्यातले आपले कोष विकायला कानडी बाजारात जातात, तिथे त्यांना 'गूडू' म्हणतात. नाव कुठलंही असो, पाटीतला एक कुजका कोष शेजारच्या दहांना डाग लावतो. म्हणून निवड घरीच करा.

घाई नको. अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर सोडल्यापासून बायव्होल्टाइनचे (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या वाणाचे) कोष सहाव्या-सातव्या दिवशी काढा, संकरित वाणाचे पाचव्या. त्याआधी आतला प्यूपा (कोषात गेलेली अळी) कोवळा असतो, हाताळताना फुटतो आणि चांगला कोष आतून डागतो. काढल्यावर वरचा भुसभुशीत धागा सोलून घ्या.

आधी डोळ्यांनी उघड दोष काढा: मुताचे डाग पडलेले, उझी माशीच्या (रेशीम-अळीवर जगणाऱ्या माशीच्या) अळीने भोक पाडलेले, दोन अळ्यांनी मिळून विणलेले बोजड डबल कोष. हे वेगळ्या टोपलीत ठेवा, फेकू नका. डबल कोषाच्या जाड धाग्यालाही गिऱ्हाईक असतं.

खरी परीक्षा उजेडावर. लाकडी खोक्यावर दुधी काच बसवून खाली एलईडी लावा. साधा बल्ब तापतो, प्यूप्याला सोसत नाही. अंधाऱ्या खोलीत मूठभर कोष काचेवर पसरा. निरोगी कोष सारखा उजळतो, आत प्यूप्याची सावली स्पष्ट दिसते आणि कोष कलता केला की सरकते. सावली पसरट, एकाच जागी चिकटलेली दिसली तर आतला प्यूपा कुजला. टोकाकडून उजेड जास्त आला तर टोक पातळ. उकळताना तिथून पाणी शिरतं आणि धागा तुटतो.

शंका उरली तर कानाशी धरून हलकेच हलवा. जिवंत प्यूपा दबका 'धप्' असा वाजतो, वाळलेला खडखडतो, कुजलेला वाजतच नाही. माझी आई डोळे मिटून ऐकते. पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत मी तिच्या कानावरच जास्त विसंबतो, कारण तेव्हा कुजके कोष वाढतात आणि बाहेरून कळत नाहीत.

पोचट, म्हणजे मऊ-पातळ कवचाचा कोष ओळखायला अंगठा-तर्जनीत अलगद धरा, कचकन दाबू नका.

शेवटी एक किलो तोलून कोष मोजा. चांगल्या बायव्होल्टाइनचे साधारण ५५० ते ६५० बसतात. त्याहून जास्त भरले तर कोष हलके. एकेक तोलून उपयोग नाही, मादीचा कोष नरापेक्षा जड असतो. मोजणी काढल्याच दिवशी करा, कारण ठेवले की वजन घटतं.

निवडलेला माल हवेशीर क्रेटमध्ये सैल भरा आणि उन्हं चढण्याआधी गाडी सोडा.