घराबाहेर पडताच वाय-फाय आपोआप बंद, परतल्यावर सुरू

आधी फोनमध्ये काय आहे ते बघा. सॅमसंगमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’, आयफोनमध्ये ‘शॉर्टकट्स’मधला ऑटोमेशनचा भाग. दोन्ही नसतील तर मॅक्रोड्रॉइड किंवा टास्कर, म्हणजे ‘असं झालं की तसं कर’ असे नियम चालवणारी अँड्रॉइडची ॲप.

‘कुठलंही ॲप घाला, वाय-फायचं बटण तेच दाबेल’ हा सल्ला २०१९ च्या अँड्रॉइड १० बरोबरच शिळा झाला. तेव्हापासून नव्या पद्धतीने बनवलेल्या ॲपला ते बटण दाबता येत नाही, म्हणून मॅक्रोड्रॉइड आणि टास्करला सोबत एक सहायक ॲप लागतं. ब्लूटूथवर तशीच बंदी अँड्रॉइड १३ मध्ये आली. मोबाइल डेटाचा नाद सोडा, ते दार ॲपना अँड्रॉइड ५ पासूनच बंद आहे.

आता दोन नियम करायचे, एक बाहेर पडतानाचा आणि एक परततानाचा. लिहायला दोन मिनिटं लागतात. पण आपण घराबाहेर पडलो हे फोनला कळणार कसं?

सगळीकडे एकच उत्तर मिळतं: ‘वाय-फाय तुटलं की वाय-फाय बंद कर.’ मीही तेच केलं होतं. रात्री फोन आतल्या खोलीत, राउटरपासून लांब. सिग्नल क्षणभर गेला, नियमाने इमानेइतबारे वाय-फाय बंद केलं आणि फोटोंचा बॅकअप रात्रभर मोबाइल डेटावर चालला. सकाळी डेटा संपल्याचा मेसेज! शिवाय बंद केलेलं वाय-फाय राउटरला जोडलंच जाणार नाही, मग ‘वाय-फाय जोडलं की सुरू कर’ या नियमाला जाग येणार कधी? हे शिकवणाऱ्यांनी तो नियम स्वतः एकदाही चालवलेला नसतो.

म्हणून परतीसाठी दुसरी खूण हवी: नकाशावरचं ठिकाण किंवा मोबाइल टॉवर. ठिकाण वापरणार असाल तर नकाशावर घराभोवती आखायच्या वर्तुळाची त्रिज्या १५० मीटरपेक्षा कमी ठेवू नका. भिंतींच्या आत फोनचा अंदाज सहज चुकतो आणि तुम्ही खुर्चीतून न उठता ‘बाहेर’ जाता. मी टॉवरच वापरतो. फोन टॉवरला एरवीही जोडलेला असतोच, त्यामुळे बॅटरीवर फारसा भार पडत नाही. फक्त एकाच टॉवरची नोंद करून थांबू नका. घरातल्या घरात फोन अनेक टॉवर बदलतो, ४जी-५जीच्या उड्या वेगळ्याच. नोंदणी दोन-तीन दिवस चालू ठेवा आणि फोन घेऊन सगळ्या खोल्यांतून हिंडा.

बाहेर पडण्याच्या नियमाला दोन्ही अटी लावा: वाय-फाय तुटलेलं हवं आणि घरचा एकही टॉवर दिसता कामा नये. मग पाच मिनिटं थांबा आणि त्याच अटी पुन्हा तपासा. ही दुसरी तपासणी विसरलात तर नियम पाच मिनिटं उशिरा तीच चूक करेल.

परवानग्यांतही लोक हमखास अडकतात. वाय-फायचं नाव किंवा टॉवर वाचायलाही अँड्रॉइड लोकेशनची परवानगी मागतं. ‘ॲप वापरताना’ पुरत नाही, ‘नेहमी’ द्या, आणि फोनचं लोकेशन चालू ठेवा. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बंधन काढा, नाहीतर स्क्रीन विझल्यावर थोड्या वेळाने फोन त्याला झोपवतो.

आयफोनमध्ये टॉवरची अट मिळत नाही, ठिकाणावरच भागवा आणि न विचारता लगेच चालवण्याचा पर्याय निवडा. कंट्रोल सेंटरमधलं बटण वाय-फाय खरं बंद करत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत जोडणी तोडतं एवढंच. शॉर्टकट्समधली क्रिया मात्र ते खरोखर बंद करते.

चाचणीसाठी ॲपमधलं ‘चालवून बघा’ बटण दाबू नका, ते अटी न तपासताही क्रिया करून मोकळं होऊ शकतं. फोन खिशात टाका, स्क्रीन बंद, पंधरा मिनिटं फिरून या. ॲपच्या नोंदीत ‘बंद’ आणि ‘सुरू’ एकेकदाच दिसलं तर नियमाला पुन्हा हात लावू नका. चार-चारदा दिसलं तर एखादा टॉवर नोंदवायचा राहिलाय.