सीची हेडर फाइल डेल्फीत उतरवताना

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. आमचा प्रोग्रॅम साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर चालायचा. उसाची गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, शेतकऱ्याचं नाव-गाव लावायचं, पावती छापायची. सगळं डेल्फीत, म्हणजे पास्कलवर आधारलेल्या भाषेत लिहिलेलं. काट्याच्या नव्या यंत्राबरोबर एक डीएलएल (तयार फंक्शनांची फाइल) आणि सी या भाषेतली हेडर फाइल (त्या फंक्शनांची आणि त्यांच्या डेटाच्या रचनेची यादी) आली आणि ती पास्कलमध्ये उतरवायचं काम माझ्याकडे आलं. दोनशे ओळींची फाइल होती. इंटला (पूर्णांक) इंटिजर, स्ट्रक्टला (एकत्र बांधलेली फील्ड) रेकॉर्ड लिहीत दुपारपर्यंत मी ती संपवली. एकही एरर न येता कंपाइलही झाली.

मग काट्यावर १० किलोचं माप ठेवलं आणि स्क्रीनवर आकडा आला १६,७७,७२,१६०.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगतो, कारण चूक कुठे आहे ते त्यातच लिहिलेलं होतं. त्याला १० ने भागलं की २ चा २४ वा घात येतो. म्हणजे वजन २४ बिट, अर्थात ३ बाइट, सरकलं होतं. मूळ स्ट्रक्टमध्ये आधी एका बाइटची स्थिती, मग चार बाइटचं वजन, मग आठ बाइटची वेळ. सीचा कंपायलर वजन चारच्या पटीतल्या जागेवर बसावं म्हणून स्थितीनंतर तीन बाइट मोकळे सोडतो, त्यामुळे एकूण आकार १६ बाइट होतो. मी जुन्या कोडमध्ये पाहिलं तसं ‘पॅक्ड रेकॉर्ड’ लिहिलं होतं. त्यात मोकळी जागा नसते, आकार १३. माझा प्रोग्रॅम ते तीन रिकामे बाइट आणि वजनाचा पहिला बाइट मिळून ‘वजन’ म्हणून वाचत होता. शेतकऱ्याचं बिल याच आकड्यावर निघणार होतं, हे लक्षात आल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून माझी एक पद्धत ठरली आहे. हेडर हातात आली की आधी सीमध्येच एक लहानसा प्रोग्रॅम लिहायचा. प्रत्येक स्ट्रक्टचा साइझऑफ (आकार) आणि प्रत्येक फील्डचा ऑफसेटऑफ (सुरुवातीपासूनचं अंतर) छापायचा. तेच आकडे पास्कलच्या बाजूने छापायचे आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. हेडरमध्ये पॅकिंगचा प्रॅग्मा (मोकळी जागा किती सोडायची याची कंपायलरला सूचना) असेल तर तोही यातच उघड होतो. दोन भाषांमधली ही सीमा कुठलाच कंपायलर तपासत नाही. तुम्ही लिहिलेलं तो खरं मानतो.

एनमचंही (नावं दिलेल्या ठराविक पर्यायांचा प्रकार) असंच. डेल्फी लहान एनमला एकच बाइट देते, सीचे नेहमीचे कंपायलर चार. युनिटच्या (पास्कलच्या कोड फाइलच्या) वर एनमचा किमान आकार चार बाइट ठरवणारा डायरेक्टिव्ह टाकला की प्रश्न मिटतो. फंक्शनपुढे ‘सीडेक्ल’ किंवा ‘एसटीडीकॉल’ (आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला द्यायच्या किमती, कशा पाठवायच्या ते ठरवणारे शब्द) लिहायला विसरलात, तर ३२ बिटमध्ये डेल्फी पहिली तीन आर्ग्युमेंट रजिस्टरमधून (प्रोसेसरमधल्या जागांतून) पाठवते आणि पलीकडचं फंक्शन ती स्टॅकवर (मेमरीत) शोधत बसतं. ६४ बिट विंडोजवर एकच पद्धत असल्याने ही चूक झाकली जाते, म्हणून ३२ बिटवरही चालवून बघा. सीचा ‘लाँग’ ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा, तर ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो. आणि सीमध्ये ०७५५ असं शून्याने सुरू होणारं काही दिसलं तर थांबा. तो अष्टमान आकडा आहे, पास्कलमध्ये ४९३ लिहायचा.

दुसरी मोठी चूक मी एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीची हेडर उतरवताना केली. तिने मला जास्त शिकवलं, कारण इथे आकार सगळे बरोबर होते. पावत्या साठवायच्या होत्या. इंग्रजीतली नावं नीट जायची. मराठी गावं मात्र तुटायची: ‘कोल्हापूर’ टाकलं की ‘कोल’ परत यायचं, ‘सांगली’चं ‘सा’. मजकूर डेटाबेसकडे सोपवणाऱ्या फंक्शनला त्याची लांबी द्यावी लागते. हेडरमध्ये तिचा प्रकार इंट, म्हणून मी स्ट्रिंगची लांबी दिली. ‘कोल्हापूर’मध्ये मात्रा, हलन्त धरून ९ कोडपॉइंट (युनिकोडमधली स्वतंत्र चिन्हं) आहेत. डेल्फी २००९ या आवृत्तीपासून डेल्फीची स्ट्रिंग यूटीएफ-१६ (युनिकोड साठवायची एक पद्धत) आहे, तिथे लांबी ९ येते. फंक्शनला मात्र यूटीएफ-८ मधले बाइट हवेत आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तिथे ३ बाइट घेतो. हवे होते २७, मी दिले ९. इंग्रजीत अक्षर आणि बाइट यांची संख्या एकच असल्याने चाचणीत काहीच दिसलं नव्हतं.

प्रकार उतरवला, अर्थ राहून गेला. तो अर्थ हेडरमधल्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेला होता, मी ती वाचली नव्हती. त्याच फंक्शनचं शेवटचं आर्ग्युमेंटही बघा: तिथे शून्य दिलं तर लायब्ररी तुमचीच मेमरी वापरते, उणे एक दिलं तर स्वतःची प्रत करून घेते. तात्पुरत्या स्ट्रिंगला शून्य दिलंत तर नंतर कचरा वाचला जाईल.

हे काम यंत्राकडून करून घेता येतं का? बरंचसं येतं. फ्री पास्कल या कंपायलरबरोबर हेडर आपोआप उतरवणारं ‘एच-टू-पास’ मिळतं, रस्ट भाषेसाठी ‘बाइंडजेन’ आहे. मोठ्या हेडरसाठी मीही तेच वापरतो. पण आर्ग्युमेंट घेणारे मॅक्रो (कंपाइल होण्याआधी बदलला जाणारा मजकूर), बिटफील्ड (बिटांत मोजलेली फील्ड) आणि कॉमेंटमधला अर्थ माणसालाच बघावा लागतो. पहिली एक हेडर तरी हाताने उतरवा असं माझं मत आहे. मूळ नावं आणि मूळ क्रम बदलू नका. लायब्ररीची पुढची आवृत्ती आली की दोन हेडरमधला फरक काढून तेवढाच भाग हलवता येतो. लायसन्सही आधीच वाचा. एसक्यूलाइट कॉपीराइटमुक्त (पब्लिक डोमेन) आहे, प्रत्येक हेडर तशी नसते.

सुरुवात एसक्यूलाइटपासूनच करा. आधी फक्त आवृत्ती सांगणारं फंक्शन बोलवा, त्याला आर्ग्युमेंटच नाही. आवृत्ती नीट छापली गेली की डेटाबेस उघडा, एक टेबल करा आणि त्यात आपल्या गावाचं नाव देवनागरीत टाकून परत वाचून बघा.