कमी उजेडात वाढणारी फिशटँकची झाडं: या चुका टाळा

अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट (म्हणजे क्रिप्टोकोरिन), व्हॅलिस्नेरिया, जावा मॉस. साध्या एलईडीवर, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न लावता जगणारी ही झाडं आहेत. तरी सांगली-मिरजेत कुणाच्या घरी टँक बघायला गेलं की हीच मेलेली दिसतात, आणि दर वेळी कारणं तीच असतात.

गड्डा रेतीत पुरणं

सगळ्यात जास्त झाडं यानंच जातात. अनुबियास आणि जावा फर्नला जाड, हिरवं, आडवं खोड असतं, तोच गड्डा. त्यातून पानं वर येतात आणि मुळं खाली सुटतात. हे खोड रेतीखाली गेलं की कुजतं. ही झाडं मुळात ओढ्यातल्या दगडांना आणि लाकडांना धरून वाढणारी. अनुबियास आफ्रिकेतली, जावा फर्न आग्नेय आशियातली. आपल्याकडे मात्र सगळ्यांना हळद माहीत. गड्डा दिसला की हात आपोआप मातीकडे जातो.

विश्रामबागेतल्या एका ओळखीच्या मुलानं नेमकं हेच केलं. त्याच्या घरची हळदीची शेती. अनुबियास आणली आणि चांगली दोन बोटं खोल लावली. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्याला वाटलं, खत कमी पडतंय. म्हणून खताची बाटली आली. तरी फरक नाही, म्हणून लाईट दिवसभर चालू. मग काचेवर शेवाळ. मग शेवाळ मारायचं औषध, आणि त्या औषधानं टँकमधले श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या, मेले. शेवटी त्याचा फोन: "काका, दुकानदारानं खराब झाड दिलं."

झाड उपटून बघितलं तर खोड तपकिरी, बोटानं दाबलं की लगदा, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. मऊ भाग ब्लेडनं कापत गेलो, आतून टणक हिरवं लागेपर्यंत. तीन पानांचा तुकडा उरला. तो काळ्या दोऱ्यानं दगडाला बांधला आणि टँकच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवला. तो जगला. एवढा सगळा खर्च आणि श्रिंपचे जीव, एक गड्डा पुरल्यामुळे!

दोरा नको असेल तर जेलसारखा सुपर ग्लू चालतो, पण मी दोराच वापरतो. मुळं दगड धरतात तोवर त्याचं काम संपलेलं असतं.

वितळलेलं क्रिप्ट फेकून देणं

याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण फेकलेलं झाड बहुतेक वेळा जिवंत असतं. क्रिप्ट नव्या टँकमध्ये लावलं की पानं पारदर्शक होतात, गळतात, कधी एकही उरत नाही. पाणी बदललं, उजेड बदलला, की ते जुनी पानं टाकून देतं. शिवाय नर्सरीत ही झाडं बरेचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत. क्रिप्टच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही आहेत. पावसाळ्यात पाण्याखाली, पाणी ओसरलं की उघड्यावर. अशा झाडाला पानं टाकणं नवीन नाही.

मेलेली पानं कापून काढा, नाहीतर पाणी खराब होतं. मुळांना हात लावू नका. तीन-चार आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, नवा कोंब येतो. याच काळात लोक "मुळं धरली का" म्हणून उपटून बघतात किंवा जागा बदलतात, आणि झाड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. क्रिप्टची जागा लावण्याआधीच ठरवा. ज्याला आठवड्यात हिरवागार टँक हवा, त्यानं क्रिप्ट घेऊच नये.

लाईट वाढवणं

वाढ दिसत नाही म्हणून लाईटचे तास वाढवू नका. अनुबियास मुळातच सावकाश वाढते. जास्त उजेड तिच्या कामाचा नाही. तो शेवाळाला मिळतो आणि ते तिच्याच पानांवर बसतं. मी सहा तास देतो, टायमर लावून. टँक खिडकीत ठेवायचा नाही, इथलं ऊन त्याला झेपत नाही.

बाकीच्या चुका

जावा फर्नच्या पानामागचे काळे ठिपके रोग समजून कापू नका. त्या बीजाणूंच्या पिशव्या असतात, आणि जुन्या पानांवर छोटी रोपं फुटतात तीही ठेवायची.

टँकचं सगळं पाणी एकदम बदलू नका. पाव भाग पुरे. नळाला क्लोरीनचा वास येत असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवा.

जत-तासगावकडे बोअरचं जड पाणी असेल तर व्हॅलिस्नेरियापासून सुरुवात करा, तिला ते मानवतं. लावताना मुळं रेतीत आणि पानं जिथून फुटतात तो भाग वर.

हरिपूरच्या संगमावरून पाणवनस्पती उपटून आणू नका. गोगलगायी आणि किडे सोबत येतात.

गोल्डफिश असेल तर फक्त अनुबियास आणि जावा फर्न. बाकीची ती खाते किंवा उपटते.

एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं आणि त्यातला ऑक्सिजन कमी होतो. झाकण उघडं ठेवून छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर सोडा, हवेचा पंप रात्रीही चालू राहू द्या. उडालेलं पाणी रोज भरा, आणि भरताना थेट नळाखालचं नको, रात्रीच्या बादलीतलं घ्या.