परदेशात छोट्या आनंदांची नोंद ठेवताना होणाऱ्या चुका: या टाळा

परदेशात राहायला गेलेल्या माणसाला कृतज्ञतेची वही, म्हणजे दिवसातल्या चांगल्या गोष्टींची नोंद, ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. वही सुरूही होते. दोन-तीन आठवड्यांनी मात्र पानावर रोज तेच तीन शब्द उमटायला लागतात: तब्येत, नोकरी, कुटुंब. मग लिहिणाऱ्याला वाटतं, आपल्याला कशाचंच काही वाटत नाही. बहुतेक वेळा दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो. आणि परदेशात ती बिघडण्याची कारणं थोडी वेगळी असतात. हक्काचं माणूस जवळ नसतं, साध्या कामालाही जास्त डोकं लागतं आणि मनात मायदेशाशी तुलना सतत चालू असते.

कायमच्या गोष्टी लिहिणं

‘नोकरी आहे’ हे वाक्य काल खरं होतं, आज आहे आणि उद्याही असेल. जे कायम असतं त्याला मन सरावतं आणि मग त्याकडे बघेनासं होतं. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये या सरावण्याविषयी लिहिलं, तेव्हापासून मानसशास्त्रात त्याचा बराच अभ्यास झाला आहे. म्हणून एक साधी कसोटी लावा: हीच ओळ काल लिहिता आली असती का? आली असती तर खोडा. नोंद गेल्या चोवीस तासांतल्या घटनेची हवी आणि तिच्यात जागा, वेळ आणि एखादी इंद्रियांना जाणवलेली गोष्ट हवी. ‘हवा छान होती’ ही नोंद नाही. ‘साडेचारला ढग सरले, जिन्यावर ऊन आलं, पाठ शेकेपर्यंत तिथेच बसलो’ ही नोंद आहे.

यातली दुसरी पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि खरा फायदा तिच्यातच आहे. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, पण प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहायचं होतं. त्या गटातल्या लोकांना सहा महिन्यांनंतरही जास्त बरं वाटत होतं. आठवडा संपल्यावर ज्यांनी स्वतःहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना फायदा अधिक झाला.

परदेशात हे ‘का’ विशेष उपयोगी पडतं. ‘बस मिळाली’ इथे थांबलात तर ते नशीब. ‘बस मिळाली, कारण चालकाने मला धावत येताना पाहिलं आणि दार उघडं ठेवलं’ असं लिहिलंत की अनोळखी शहरातला एक माणूस तुमच्या बाजूने उभा राहिलेला दिसतो. ‘बस मिळाली, कारण आता वेळापत्रक तोंडपाठ झालंय’ असं लिहिलंत तर तुमचं रुळणं दिसतं. नव्या देशात माणसाला दोन गोष्टींची शंका सतत छळते: इथे माझं कोणी आहे का आणि मला हे जमतंय का. कारण लिहिण्याच्या सवयीतून दोन्हींची उत्तरं हळूहळू पुराव्यासकट जमा होतात. महिनाभराने कारणांखाली खुणा करून बघा, माणसांना एक आणि स्वतःच्या कष्टांना दुसरी. यातली एखादी खूण जवळपास दिसतच नसेल तर पुढचा महिना कुठे लक्ष द्यायचं ते कळतं.

दहा गोष्टींचा आग्रह

जास्त लिहिलं की जास्त बरं वाटेल, हा समज उलटतो. नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये काही लोकांना स्वतःच्या ठाम वागण्याची सहा उदाहरणं आठवायला सांगितली आणि काहींना बारा. बारा आठवताना लोकांची दमछाक झाली आणि त्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं. आठवायला पडणारे कष्टच मन पुरावा म्हणून धरतं. वहीतही हाच धोका आहे. आठव्या ओळीपाशी पेन अडलं की ‘माझ्या आयुष्यात चांगलं फारसं काही नाही’ हा निष्कर्ष आपोआप निघतो. तीन ओळी पुरे. वाईट दिवशी एक.

रोज लिहावं का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांच्या २००३ च्या संशोधनात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि रोज लिहिणाऱ्यांनाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात मात्र आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बरं वाटलं, तीनदा लिहिणाऱ्यांना फरक जाणवला नाही. यातून व्यवहारात बसणारी वाटणी अशी: टिपणं रोज, प्रत्येक गोष्ट एका ओळीत. कारणांसकट सविस्तर लिहिणं आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं. शेवटी थांबावं लागतं ते वहीपाशी नाही, तर त्या क्षणापाशी. म्हणून रोजचा खरा सराव वीस सेकंदांचाच आहे. हातावर गरम पाणी पडलं, खिडकीबाहेर पक्षी ओरडला, गादीवरची नुकती वाळलेली चादर गालाला लागली, तर तिथेच राहा आणि पुढच्या कामाकडे वळू नका. जे जाणवलंच नाही ते रात्री आठवून आठवणार नाही.

इकडचं-तिकडचं

‘निदान इथे रस्ते तरी शांत आहेत.’ ही ओळ कृतज्ञतेची वाटते, पण तिच्या पोटात तक्रार आहे. उलटीकडून ‘तिकडे असतं तर यापेक्षा जास्त मजा आली असती’ ही तर उघड तक्रारच. दोन्हींत समोरचा क्षण बाजूला राहतो आणि दोन देशांचा हिशेब सुरू होतो. त्याच्या मागोमाग अपराधीपण येतं: घरचे तिथे अडचणीत, आणि मी इथे उन्हात बसून सुख मोजतोय. नोंदीतून ‘निदान’, ‘तरी’ आणि ‘तिकडच्यापेक्षा’ हे शब्द काढून वाक्य पुन्हा लिहा. ‘रात्री खिडकी उघडी ठेवून झोपलो, पावसाशिवाय आवाज नव्हता.’ एवढ्यावर थांबा.

तुलना करायचीच असेल तर तिची चांगली जात निवडा. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिण्यापेक्षा ती कशी घडलीच नसती हे लिहिल्यावर माणसाला जास्त बरं वाटतं. नव्या देशात जुळलेली एखादी मैत्री घ्या. ती जुळण्याआधीचे तीन-चार योगायोग लिहा: त्या दिवशी वर्ग बदलला, बाजूची खुर्ची रिकामी होती, कोणीतरी पेन मागितलं. यातला एक काढून टाका आणि आजचा आठवडा त्या मित्राशिवाय कसा गेला असता ते पाच मिनिटं लिहा. मग वही मिटा. हे आठवड्यातून एकदाच करा, रोज केलंत तर धार जाते. घरच्यांच्या आयुष्यावर किंवा तब्येतीवर हा प्रयोग कधीच करू नका. दूर असताना त्यातून काळजीच वाढते.

घरची आठवण दाबण्यासाठी वही वापरणं

सगळ्यांत खोलवर दुखावणारी चूक ही. डोळे भरून आले की वही उघडायची आणि स्वतःला बजावायचं, ‘एवढं सगळं मिळालंय, रडतोस काय?’ असं काही दिवस चाललं की वही शिक्षा वाटायला लागते आणि माणूस तिच्याजवळ जाणं टाळतो. घरची आठवण हा दोष नाही, ज्यांच्यावर जीव आहे ते दूर आहेत एवढाच त्याचा अर्थ. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आज जे जड गेलं ते, उजवीकडे जे बरं वाटलं ते. एका बाजूने दुसरीला उत्तर द्यायचं नाही. डावी बाजू आधी लिहा. ती मोकळी झाली की उजवीकडची ओळ ओढूनताणून येत नाही.

डावीकडे सलग तीन-चार दिवस एकच गोष्ट येत असेल तर ती काय आहे ते नीट बघा. घरमालक गळती दुरुस्त करत नाही, राहण्याच्या परवान्याची मुदत जवळ आली आहे, कामावर कोणी उच्चाराची टिंगल करतं: या कृतज्ञतेने सुटणाऱ्या गोष्टी नाहीत. त्यांना वेगळं पान द्या आणि तिथे पुढची एक कृती तारखेसकट लिहा. अन्याय गोड मानून घेण्यासाठी ही वही नाही, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. विशेषतः ‘परक्या देशात आपण पाहुणे, जुळवून घ्यायचं’ असं ऐकत आलेल्यांना.

उदासी दोन आठवडे बहुतेक दिवस टिकली, कशातच रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. कृतज्ञतेच्या सरावांचा नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम अल्प असतो, असं २०२१ मध्ये डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात दिवस आखूड होतो तेव्हा दरवर्षी मन खचत असेल, तर त्याचं कारण प्रकाशातही असू शकतं. त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) दिव्यासमोर बसण्याचा उपचार आहे. डोळ्यांचा आजार किंवा द्विध्रुवीय (बायपोलर) विकार असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच घ्या. स्वतःला संपवण्याचे विचार आले तर वाट बघू नका, त्या देशाच्या आपत्कालीन क्रमांकावर लगेच फोन करा. तो क्रमांक पोहोचल्या दिवशीच फोनमध्ये भरून ठेवावा.

आधी फोटो

लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयात केलेल्या प्रयोगात ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. एखाद्या भागावर झूम करून फोटो काढलेल्या वस्तूंबाबत मात्र ही घट दिसली नाही. क्रम बदला: आधी वीस सेकंद बघा, मग एकच फोटो, तोही एका बारकाव्याचा. समाजमाध्यमावर टाकण्यासाठी टिपायला लागलात की निवड बदलते. जे इतरांना सुंदर दिसेल तेच टिपलं जातं, आणि कोरड्या मोज्यांचं सुख कोणी टाकत नाही. घरच्यांनाही नुसती देखणी चित्रं पोहोचतात, मग फोनवर खरं बोलणं अवघड होतं.

घड्याळाला बांधलेली वेळ

‘रात्री दहाला लिहीन’ हे परदेशात टिकत नाही. घरचा फोन वेळेच्या फरकामुळे नेमका तेव्हाच येतो, कामाची पाळी बदलते, ऋतू बदलला की संध्याकाळच नाहीशी होते. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये ‘असं झालं की मी तसं करीन’ अशा ठरावांची ताकद मांडली. तोच साचा वापरा: ‘दार उघडून बूट काढले की तिथेच एक ओळ लिहीन.’ वही आणि पेन दारापाशीच हवं. घर बदललं की ही खूण तुटते, म्हणून नव्या घरात पहिल्याच आठवड्यात नवी ठरवा.

एखादा दिवस चुकला म्हणून सोडून देणारे खूप. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले आणि कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मागची पानं भरत बसू नका. आजची ओळ लिहा.

नवेपणावर विसंबणं

स्व्हेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहिलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांकडे पाहिलं. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बऱ्यापैकी रुळलेले होते, मधल्या काळातले मात्र जास्त अडखळत होते. प्रत्येकाचा आलेख असाच नसतो हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं, तरी मधली ओसरती लाट अनेकांना ओळखीची वाटेल. सुरुवातीला नवे रस्ते, नवी झाडं, पहिला बर्फ यांवर वही भरून वाहते आणि ते संपलं की कोरडी पडते. यावर उपाय म्हणजे रोजची एकच वाट निवडून दर दिवशी एकाच इंद्रियाला काम द्यायचं. सोमवारी फक्त आवाज, मंगळवारी वास, बुधवारी पायाखालची जमीन.

वहीतच ठेवणं

कारणांत माणसं दिसायला लागली की त्यांना सांगा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये दाखवलं की आभाराचं पत्र लिहिणारे समोरच्याच्या आनंदाचा अंदाज कमी बांधतात आणि त्याला अवघडल्यासारखं होईल ही भीती जास्त धरतात. लिहिणारा शब्दांची काळजी करतो, वाचणाऱ्यापर्यंत मात्र जिव्हाळा पोहोचतो. परक्या भाषेत हा संकोच दुप्पट होतो, म्हणून दोनच वाक्यं ठेवा: तुम्ही अमुक केलंत, त्याने माझं तमुक सोपं झालं. व्याकरण चुकलं तरी चालेल. वही मात्र मातृभाषेत लिहा. दुसऱ्या भाषेपेक्षा पहिल्या भाषेतले भावनिक शब्द शरीरातही जास्त प्रतिक्रिया उठवतात, असं तुर्की-इंग्रजी बोलणाऱ्यांवरच्या २००३ च्या प्रयोगात दिसलं होतं.

मायदेशी सुट्टीवर जाताना वही बरोबर न्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परत आल्यावरचा पहिला आठवडा बहुतेकांना जड जातो. तेव्हा कारणं, रकाने, इंद्रियांची पाळी सगळं बाजूला ठेवा. दिवसाला एक ओळ, तीही वाटलं तर, आणि डावी बाजू हवी तेवढी लांब.