गोव्याच्या पावसाळ्यात कॅमेरा आणि लेन्स कशी टिकवावी

गोव्यात कॅमेरे पावसात भिजून मरतात त्यापेक्षा कपाटात पडून जास्त मरतात. भिजलेला कॅमेरा माणूस लगेच पुसतो. मिरगाला कपाटात ठेवलेला मात्र चवथीला बाहेर येतो, आणि तोवर लेन्सच्या आत बुरशीची जाळी विणलेली असते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, ते टाळता येत नाहीत. आपल्या हातात आहे ती फक्त आर्द्रता. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, उजेड नसला आणि हवा खेळती नसली की बुरशी धरते. म्हणून लेन्सभोवतालची हवा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायची. पावसाळ्यात गोव्यातल्या घरांत हा आकडा ८५-९०च्या घरात असतो.

महागड्या लेन्स तीन-चार असतील तर विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे, त्यात फार विचार करण्यासारखे काही नाही. एक बॉडी आणि दोन लेन्स असतील तर हवाबंद डबा पुरतो. झाकणाला रबरी पट्टी असलेला, दहा-बारा लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारे यंत्र. लेन्ससोबत खोक्यात येणाऱ्या चिमुकल्या पुड्यांचा इथे काही उपयोग नाही. त्या काही तासांतच ओल पिऊन गप्प होतात.

स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून आधी तो तपासावा. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखे झाले पाहिजे. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर यंत्र पाच टक्के कमी दाखवते, तेवढे पुढे मनातल्या मनात मिळवत जा.

सिलिका जेल दोन रंगांत मिळते. निळे ओल पिऊन गुलाबी होते, नारिंगी हिरवट होते. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी, तेव्हा नारिंगीच घ्यावे. बेबिंका भाजायच्या ओव्हनमध्ये निळे जेल कधीही तापवू नये. रंग बदलला की जेल पातळ थरात पसरून ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवायचे. ओव्हन नसेल तर स्वयंपाकातून बाद झालेल्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर, मधूनमधून हलवत, मूळ रंग येईपर्यंत. आच मोठी केली तर दाणे करपतात आणि मग ओल ओढत नाहीत. गरम जेल उघड्यावर निवत ठेवले की ते खोलीतलीच ओल पिऊन बसते, म्हणून स्टीलच्या बंद डब्यात निववा आणि मगच कॅमेऱ्याच्या डब्यात घाला.

डब्यात चामड्याचे कव्हर, कॅमेऱ्याची बॅग किंवा कापडी पट्टा ठेवायचा नाही, ते ओल धरून ठेवतात. डांबरगोळ्यांनी हवा कोरडी होत नाही. कपाटात पंधरा वॅटचा दिवा लावायची जुनी युक्ती खरी होती, पण ती तारेच्या, तापणाऱ्या दिव्याची. एलईडी दिव्याला तेवढी ऊब नसते, त्यामुळे तो लावून काही साधत नाही.

महिन्यातून एकदा लेन्स तपासा. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडे ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून किंचित तिरके पाहा. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ, तिची काळजी नको. कडेकडून आत सरकणारे, फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले तर बुरशी. बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्स क्लीनरच्या एक-दोन थेंबांनी पुसली जाते. आतली असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे लगेच द्या, कारण बुरशीतून निघणारे आम्ल काचेवरचा लेप खाते आणि ते डाग साफसफाईनंतरही राहतात. लेन्स उन्हात ठेवून आतली बुरशी जाईल या भरवशावर राहू नका. अतिनील किरण बरेचसे पुढच्या काचांतच अडतात. वर ऊन लेन्समधून एकवटून आतले भाग जाळू शकते.

पण म्हणून पावसात कॅमेरा बाहेर काढायचाच नाही असे नाही. सत्तरी-सांग्याच्या रानात बेडूक दिसतात ते याच दिवसांत, आणि सड्यांवरची फुलेही श्रावण-भाद्रपदातलीच. चोर्ला घाटात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला तर काचेवर धुके धरते, आत धरले तर ते पुसताही येत नाही. निघतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून ठेवा आणि पोहोचल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका. पाण्याचे थेंब पिशवीच्या बाहेर जमतील, कॅमेऱ्यावर नाही. तेवढा वेळ काढवत नसेल तर गाडीतला एसी शेवटचे अर्धा तास बंद ठेवा. पुढे-मागे लांबणारी झूम लेन्स प्रत्येक फिरवण्यासोबत ओली हवा आत ओढते, म्हणून भर पावसात लांबी न बदलणारी लेन्स बरी. रानात लेन्स बदलू नये.

रात्री बेडकांसाठी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, पांढरे कापड किंवा पातळ फोम लावून मऊ केलेला फ्लॅश, शटर १/२००, छिद्र एफ/११, आयएसओ २०० ते ४००. ओल्या त्वचेवर उघडा फ्लॅश मारला की पांढरे चट्टे उठतात. बेडकाला हात लावायचा नाही. जळवांसाठी पायाला चोळलेले मीठ किंवा मलम बोटांवर असते आणि ते त्याच्या त्वचेतून आत जाते. अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय जाऊ नये.

किनाऱ्यावरून आलात तर कॅमेरा आधी कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरचा भाग पुसा, मग कोरड्याने. बॅटरी आणि कार्ड काढून, दोन्ही झाकणे उघडी ठेवून, दोन-तीन तास पंख्याखाली ठेवा आणि नंतरच डब्यात. खाऱ्या पाण्यात पडलाच तर बॅटरी तत्काळ काढा, चालू करून पाहण्याचा मोह आवरा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. तांदळात पुरू नका, पिठाची धूळ फटींत शिरते.

दसऱ्यानंतर हवा सुकली की जेल अर्धे काढून घ्या. डब्यातला आकडा सतत ३०च्या खाली राहिला तर पकडीचे रबर आणि जुन्या कॅमेऱ्यांचे चामडे कडक होऊन सुटू लागते.